आतल्या गोटातून

उष्णता वाहून नेणाऱ्या राखाडी पेस्टचा ठिपका वाटाण्याएवढा पडायला हवा होता, तो बोराएवढा पडला – प्रोसेसरच्या चकचकीत पाठीवर मधोमध, टोकाला किंचित वळलेला – आणि अश्विन त्याच्याकडे बघत राहिला, कारण सोळा वर्षांत ही चूक त्याच्या हातून झाली नव्हती. ती झाली ती टेबलावर ठेवलेला फोन अचानक थरथरायला लागला म्हणून. फोन थरथरत थरथरत स्क्रूंच्या वाटीकडे सरकत होता. रणजीतचं नाव होतं, कॉलेजपासूनच्या मित्राचं. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. रणजीत या वेळी हैदराबादला ऑफिसात असतो, या वेळी तो कधीच फोन करत नाही... अश्विनने पेस्टची नळी हातातच धरून ठेवली, जणू दोन्ही हात गुंतलेले आहेत हे कुणाला तरी दाखवायचं होतं. फोन थांबला. मग एक ओळ आली. ‘फोन कर.’

पुढे पूर्णविराम होता. रणजीत पूर्णविराम देत नाही. तो तीन-तीन ओळी एका दमात लिहितो, शेवटी काहीतरी शिवी, नाहीतर हसणारा चेहरा.

करू, अश्विन मनात म्हणाला. आधी हे पुसून घेतो.

त्याने कापडाने पेस्ट पुसली, पुन्हा घातली, पुन्हा जास्त झाली. नेरूळच्या त्या गाळ्यात सकाळी फारसं कुणी येत नाही. समोरच्या रस्त्यावरून शिरवण्याकडे जाणारे टेम्पो जातात तेवढाच आवाज. लोकांना हवे तसे संगणक जुळवून देणं हा त्याचा धंदा, आणि सहा वर्षांपासून त्याला जोडून एक मराठी चॅनेल – कुठला प्रोसेसर कुणी घ्यावा, कुठला घेऊ नये, पुढच्या वर्षी काय येतंय, काय येणार नाही. बघणारे मोजकेच होते, पण जीव लावून बघणारे. ‘अश्विनदादा उगाच फेकत नाही’ असं लोक एकमेकांना सांगत, आणि ते वाचलं की त्याला दिवसभर बरं वाटायचं.

चार दिवसांपूर्वीपर्यंत.

चार दिवसांपूर्वी त्याने जो व्हिडिओ टाकला त्यात मुद्दा एकच होता, आणि तोही साधा. प्रोसेसरच्या आत, कोअरला – म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या भागाला – अगदी खेटून, थोडी मेमरी असते – कॅश. हाताशी ठेवलेली. ती जास्त असली की प्रोसेसरला लांबच्या मेमरीकडे धावावं लागत नाही, आणि गेमसारख्या, सतत इकडचं तिकडचं मागणाऱ्या कामांना त्याचा मोठा फायदा होतो. महागड्या प्रोसेसरमध्ये कोअरचे दोन गट असतात. आत्तापर्यंत त्या एका कंपनीने ही वाढीव कॅश दोनपैकी एकाच गटाला दिली होती. दुसरा गट तसाच कोरडा. काम चुकून तिकडे गेलं की वेग पडायचा. येत्या जानेवारीत जो प्रोसेसर जाहीर होईल, त्यात ती दोन्ही गटांवर असेल, असं अश्विनने सांगितलं. जगभर यावर तर्क चालले होते, आणि बहुतेकांचा तर्क ‘यंदाही एकावरच’ असा होता. अश्विन नुसतं ‘मला वाटतं’ म्हणाला असता तर त्याचाही तर्क त्या ढिगात पडून राहिला असता. पण तो म्हणाला, ‘आतल्या गोटातून कळतंय.’

चार शब्दसुद्धा नाहीत. लिहून आणलेल्या कागदावर ते नव्हतं. बोलता बोलता आलं... आलं की आणलं?

दुसऱ्या दिवशी एका परदेशी साइटने त्याचा उल्लेख केला – ‘भारतातल्या एका मराठी चॅनेलनुसार’ – आणि मग दुसऱ्या साइटने पहिलीचा, तिसरीने दुसरीचा. अश्विनने ती ओळ बायकोला, संघमित्राला, तीनदा वाचून दाखवली होती. तिसऱ्यांदा वाचताना त्याला जाणवलं होतं की रणजीत त्याच प्रोसेसरच्या कंपनीत, तेच कॅशचं काम करतो. म्हणजे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि जाणवणं यांत तीन दिवसांचं अंतर पडलं होतं.

साडेदहाला ज्ञानेश्वरी आली. ती लग्नांच्या फिल्म एडिट करते, सीवूड्सला राहते, आणि तिच्या मशीनचं ठरवायचं आज, असं आधीच बोलणं झालेलं.

“दादा, मी थांबते,” ती खुर्ची ओढून म्हणाली. “जानेवारीपर्यंत. तुमचा व्हिडिओ बघितला मी.”

“तुम्हाला थांबायची गरज नाही.”

“का? दोन्हीकडे कॅश येणार ना?”

“तुमच्या कामाला तिचा उपयोगच नाही फारसा. फिल्म एडिट करताना कोअर जास्त लागतात, मेमरी लागते. ही कॅश गेम खेळणाऱ्यांना, नाहीतर सिम्युलेशन वगैरे करणाऱ्यांना. आत्ता आहे तोच घ्या.”

ती जराशी हिरमुसली. “पण ते नक्की आहे ना? म्हणजे माझ्या भावाला सांगते मग. तो गेमिंगवाला आहे. तुमी म्हटलं ना, आतली खबर.”

“अंदाज आहे,” अश्विन म्हणाला.

“अंदाज की खबर?”

तिने ते सहजच विचारलं, मोबाइलवर काहीतरी बघत. त्याने ‘बघू’ म्हटलं आणि कॅबिनेटच्या रंगाचा विषय काढला.

खरं काय होतं? खरं असं होतं की दसऱ्यानंतर रणजीत घरी आला होता, कोंडिबाकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून. कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांत अश्विन कॉलेजपासून जात आलाय. रणजीतचे वडील, कोंडिबाकाका, साताऱ्याहून आलेले; उभा जन्म तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहिली. त्या दिवशी काळा चष्मा लावून कॉटवर बसले होते आणि अश्विन-रणजीतचं बोलणं ऐकता ऐकता मध्येच म्हणाले, “कॅश जास्तीची मिळनार? मग बरं हाय की, कंपनी चांगली हाय.” दोघंही हसले. मग रणजीतने त्यांना समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, की आबा, रोकड नाही – तुमच्या मार्केटात गाळ्यात थोडा माल ठेवतात आणि बाकीचा गोदामात, तसं. गाळा मोठा झाला तर काय होईल? काका विचार करून म्हणाले, “पाठीवरचं वझं तेवढंच ऱ्हाईल. खेपा कमी व्हतील.” रणजीत म्हणाला, “बस. आम्ही एवढंच करतो.” अश्विनने तेच उदाहरण नंतर व्हिडिओत वापरलं. तेही विचारलं नव्हतंच.

मग दोघं खाली उतरले, तलावाकाठी बाकावर बसले, चहाचे कागदी कप हातात. आणि अश्विन नेहमीसारखा आपला तर्क मांडायला लागला – पूर्वी ही जादा कॅश कोअरच्या डोक्यावर बसवायचे, त्यामुळे उष्णता कोंडायची. मग ती खाली घेतली, वर मोकळं झालं. आता दोन्ही गटांवर ठेवायला अडचण फक्त खर्चाची आणि इच्छेची आहे, हो ना? रणजीत अशा वेळी हसतो, ‘तू बोल, मी ऐकतोय’ म्हणतो. नोकरीला लागल्यापासून त्याने कधी कामाचं अक्षर सांगितलं नाही आणि अश्विनने कधी विचारलं नाही, असा त्यांच्यातला न बोललेला करार. पण त्या दिवशी अश्विनने नुसतं “दोन्हींवर?” असं म्हटलं, आणि रणजीत हसला नाही. कप ओठापाशी नेला होता, तो न पिता खाली घेतला, पाण्याकडे बघितलं... आणि मग म्हणाला, “तुझ्या बाबांचा गुडघा कसा आहे?”

एवढंच.

एवढ्यावरून कुणाला काही कळतं का? कुठल्या कोर्टात हा पुरावा होईल? अश्विनने ज्ञानेश्वरी गेल्यावर टेबलाचा खण उपसला आणि आपली टिपणवही काढली – तर्क सुचला की त्यात लिहून ठेवायची त्याची सवय. हा तर्क दसऱ्याच्या आधीचा आहे एवढं सापडलं की झालं. मग रणजीतने काही सांगितलं नाही आणि मीही काही घेतलं नाही. माझं माझ्याजवळच होतं. पान सापडलं. तारीख सप्टेंबरची. लिहिलं होतं: ‘वाढीव कॅश – एका गटावर?’ आणि ‘एका गटावर’ हे निळ्या शाईत होतं, ते काळ्या शाईने खोडून वर लिहिलं होतं, ‘दोन्हींवर’. कधी खोडलं? काळा पेन त्याच्या खिशात नेहमीच असतो. त्याने अक्षरावरून बोट फिरवलं, पान उजेडात धरलं, मागून बघितलं, जणू शाई तारीख सांगणार होती.

फोन करायला हवा. बारा वाजत आले. पण फोन करण्याआधी काय बोलायचं ते ठरायला हवं, आणि काय बोलायचं ते ठरण्याआधी काय झालं ते ठरायला हवं. त्याऐवजी त्याने वेगळंच केलं. व्हिडिओ उघडला, ते वाक्य जिथे होतं तिथले चार सेकंद कापले आणि व्हिडिओ जतन केला. आता ऐकलं तर तो म्हणत होता, ‘आणि यंदा दोन्हींवर असेल.’ सांधा कळतसुद्धा नव्हता. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं – वीस मिनिटं.

विसाव्या मिनिटाला खाली कुणीतरी लिहिलं होतं: ‘दादा, ते आतल्या गोटातून वालं वाक्य कुठे गेलं?’ त्याखाली दुसऱ्याने: ‘कापलं म्हणजे खरंच आहे. कुणीतरी फोन केला असणार.’ त्याखाली तिसऱ्याने जुन्या व्हिडिओतला तो तुकडा जपून ठेवला होता, तो जोडलेला.

दीड वाजता तो जेवायला घरी गेला. संघमित्राची या आठवड्यात दुपारची ड्यूटी होती. ती दवाखान्यात परिचारिका आहे, आणि माणसाचा चेहरा बघून त्याला कुठे दुखतंय हे ओळखायची तिची सवय घरीही सुटत नाही. तिने ताट वाढलं, समोर बसली.

“काय झालंय?”

त्याने सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं.

“तो बोलला होता का तुला?”

“नाही. अक्षर नाही.”

“मग?”

“गप्प बसला.”

वाटीत आमटी घालून तिने वाटी त्याच्याकडे सरकवली.

“माणूस गप्प बसतो ते आपण बाहेर सांगू नये म्हणूनच ना, अश्विन?”

“पण मी त्याचं नाव कुठे घेतलं?”

“नाव घ्यायला लागतंय कशाला? त्याच्या बहिणीने फोटो टाकलाय. तुमचा दोघांचा, काकांच्या कॉटवर. सगळ्यांनी बघितलाय तो.” ती उठली, पर्स घेतली. “फोन केलास का त्याला?”

“करतो.”

“सकाळपासून करतोयस,” ती म्हणाली, आणि चपला घालून गेली.

तो फोटो. तो त्याच्या लक्षातच नव्हता. त्याने जेवण अर्धवट ठेवून फोटो शोधला – मधोमध काका काळ्या चष्म्यात, एका बाजूला रणजीत, एका बाजूला तो, आणि खाली बहिणीने लिहिलेलं: ‘आबांचे दोन लेक’. तारीख स्पष्ट. व्हिडिओच्या बरोबर नऊ दिवस आधीची. ज्याला जोडायचं असेल त्याने जोडायला किती वेळ लागेल... आणि मग एक विचार असा आला की त्याला ताटासमोर बसवेना. ‘आतल्या गोटातून’ म्हणताना त्याला कुणाला फसवायचं नव्हतं. त्याला हे सांगायचं होतं की माझा एक मित्र आहे, पोती वाहणाऱ्याचा मुलगा, माझ्याबरोबर एका बाकावर बसून शिकला, आणि आज तो तिथे आहे जिथे या गोष्टी घडतात. आणि तो माझ्याशी बोलताना कप खाली ठेवतो. त्याला फक्त एवढाच अभिमान मिरवायचा होता. आणि नाव न घेता तो मिरवता येत होता म्हणून जास्तच.

तीनला गाळ्यावर परतला तेव्हा पुन्हा फोन वाजला. रंगूबाई होत्या, रणजीतची आई.

“अश्विन, बाळा, रनजीत उद्या यायलाय म्हनं. तुला बोलला का काय?”

“नाही काकी.”

“सुट्टी न्हाई, सन न्हाई. मी इचारलं तर म्हनला, सहज. आबांचा डोळा बघायला म्हनला. डोळा तर बरा हाय आता.” पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “त्याच्या आवाजात काय तरी हाय. तुझ्यापशी बोलंल तो. तू इचार.”

“विचारतो, काकी.”

“आन् उद्या जेवायला ये हिकडंच. तू असलास की तो हसतो.”

फोन ठेवल्यावर अश्विन स्टुलावर बसला. सकाळचा प्रोसेसर तसाच उघडा होता. आता यापुढे न करणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने रणजीतला फोन केला – विचार न करता, काहीच न ठरवता, जसं थंड पाणी अंगावर घेतात तसा. रणजीतने पहिल्याच रिंगला उचलला.

“दुकानात आहेस?”

“हो.”

“एकटा?”

“हो. अरे सकाळी मी –”

“ऐक. चौकशी लागलीय. ज्यांना ज्यांना ते माहीत होतं त्या सगळ्यांना एकेक करून बोलावलं. बावीस जण आहोत. माझा लॅपटॉप काढून घेतलाय, घरी बसायला सांगितलंय. सोमवारी पुन्हा बोलावलंय.” त्याचा आवाज चिडलेला नव्हता. अश्विन चिडलेल्या आवाजाची तयारी करून बसला होता, आणि हा आवाज थकलेला, जवळजवळ विनवणी करणारा होता. “मी तीन दिवस तेच आठवतोय. आपण तलावाला बसलो होतो. मला सांग, मी काही बोललो का रे तुला?”

अश्विनला क्षणभर प्रश्नच कळला नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे मला आठवतच नाही. आबांचं ऑपरेशन, जाग्रण, डोकं ठिकाणावर नव्हतं. मला वाटतं मी काही बोललो नाही. पण तुझ्या व्हिडिओत ते ऐकलं आणि... माझ्या तोंडून गेलं असेल तर? तुझ्या लक्षात असेल. तुझं डोकं पहिल्यापासून चांगलं आहे.”

“तू काही बोलला नाहीस,” अश्विन म्हणाला.

“नक्की?”

“एक शब्द नाही.”

“मग ते आतल्या गोटातून?”

“ते मी उगाच लावलं. फुशारकी. तर्क माझाच होता.”

पलीकडून एक लांब श्वास आला, आणि मग रणजीत चक्क हसला – छोटंसं, ओलं हसू. “च्यायला. मी स्वतःलाच चोर समजून बसलो होतो. सोमवारी त्यांना ठामपणे सांगताच आलं नसतं मला.” मग म्हणाला, “एक कर. तेवढं चॅनेलवर सांग. माझं नाव नको, कंपनीचं नको. फक्त आतलं कुणी नाही, अंदाज होता, एवढं. आज जमेल?”

“आजच करतो.”

“तुझं नाव खराब होईल रे थोडं.”

“होऊ दे.”

आणि या क्षणी – हे त्याला नंतर, शटर अर्धं खाली ओढताना कळलं – या क्षणी सांगायला हवं होतं. की रणजीत, तू बोलला नाहीस, पण मला कळलं. तू कप खाली घेतलास तेव्हा कळलं. हे त्याला सांगितलं असतं तर तो सोमवारी त्या खोलीत खरं काय ते जाणून बसला असता, आणि कदाचित त्याचा आवाज कापला असता. न सांगितल्याने तो निर्धास्त बसेल. मग न सांगणं हीच मैत्री नाही का? असं म्हणायला जागा होती. अश्विनने ते म्हणून बघितलं, आणि त्याला ते पटत गेलं. इतक्या सहज पटलं की त्याला कसंसंच झालं.

पाच वाजता त्याने कॅमेरा लावला. पहिल्या खेपेला पहिलंच वाक्य चुकलं. दुसऱ्या खेपेला नजर सारखी खाली जात होती, बघणाऱ्याला वाटलं असतं कुणीतरी बंदूक रोखून वाचायला लावतंय. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तो जाईपर्यंत थांबला. तिसऱ्या खेपेला तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “मागच्या व्हिडिओत मी ‘आतल्या गोटातून’ असं म्हटलं होतं. माझ्याकडे आतला कुणीही नाही. मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही. तो निव्वळ माझा अंदाज होता, आणि तो चुकूही शकतो. वाक्य मी भाव खाण्यासाठी वापरलं. त्याबद्दल माफ करा.”

मग ऐकायला बसला. खोट कुठे ऐकू येते ते शोधायला. एकेक वाक्य थांबवून ऐकलं. मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही – खरं. माझा अंदाज होता – वहीत आहे. भाव खाण्यासाठी – हे तर खरंच खरं. पडद्यावरचा माणूस शांत होता, थोडा ओशाळलेला, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा; त्या माणसावर त्याने स्वतः विश्वास ठेवला असता. त्याने पुन्हा ऐकलं. पुन्हा. कापलेल्या चार सेकंदांचा सांधा जसा कळत नव्हता, तसा याचाही कळत नव्हता.

आणि मग त्याला वाटलं, निदान मी स्वतःपुरतं तरी ते जागेवर ठेवीन. म्हणून त्याने तो तलावाकाठचा बाक मुद्दाम डोळ्यांपुढे आणला – पाणी, कागदी कप, रणजीतचा उजवा हात. ‘दोन्हींवर?’ असं तो म्हणतो. रणजीत... रणजीत कप तोंडाशी नेतो, पितो, हसतो, म्हणतो, तू बोल, मी ऐकतोय. नाही, असं नव्हतं. त्याने पुन्हा सुरुवातीपासून आणलं. रणजीत पितो, हसतो. गुडघ्याचं त्याने विचारलं होतं, हो, पण ते आधी की नंतर? जिन्यात की बाकावर? सकाळी हे सगळं इतकं स्पष्ट होतं की त्याच्या भीतीने हात चुकत होता. आता त्याने कितीही ताणून धरलं तरी रणजीत कप खाली घेईना.

शटरखालून उन्हाची एक तिरपी पट्टी आत आली होती. व्हिडिओ टाकायच्या बटणावर बोट ठेवून अश्विन बसून राहिला. सकाळपासून त्याला रणजीतची भीती वाटत होती, मग रणजीतसाठी. त्या दोन्ही भीती आता ओसरल्या होत्या, आणि त्या ओसरल्याचंच त्याला इतकं भय वाटत होतं की तो मनातल्या मनात, जवळजवळ हात जोडून, आठवणीतल्या त्या बाकावरच्या रणजीतला म्हणत होता – एकदा ठेव ना रे तो कप खाली... एकदाच.